चार धारांचे पाते

कारखान्यातल्या लोकांनी त्यांना 'मिलीमीटर' हे नाव ठेवले त्याला बावीस वर्षे झाली होती. आणि ते नाव आपल्या कानांवर आले आहे, हे त्यांनी कोणालाही कळू दिले नाही त्यालाही बावीसच वर्षे झाली होती. आरेखन कक्षातल्या खिडकीलगतच्या टेबलाशी बसून ते खोदयंत्रांच्या लांब हाताला लावायचे फिरते ड्रम आखीत. माती, मुरूम आणि मऊ खडक कापीत सरळ चर पाडणारा पोलादी ड्रम, आणि त्याच्या अंगावर नागमोडी ओळींत बसवलेली अठ्ठेचाळीस पाती. ड्रम पुष्कळांनी आखले असतील. पण ते पाते मात्र सर्वस्वी त्यांचे होते. चौरस, चार धारांचे, चार बोल्टांनी बसणारे. एक धार बोथट झाली की बोल्ट काढायचे, पाते पाव फेरा वळवायचे, बोल्ट पुन्हा आवळायचे. नवी धार कामाला हजर. एका पात्याला चार जन्म.

इतकी सरळ गोष्ट जगाला समजू नये याचे त्यांना आधी नवल वाटे, पुढे पुढे रागच येऊ लागला. दर महिन्याला निरनिराळ्या कामांवरून झिजलेल्या पात्यांच्या पेट्या परत येत, आणि त्या उघडल्या की तोच देखावा: एक धार झिजून गुळगुळीत झालेली, उरलेल्या तीन कोऱ्या करकरीत. चाळीस यंत्रे होती, आणि त्यांतल्या एकोणचाळिसांवरची माणसे पाते वळवीत नव्हती. काढून सरळ नवेच बसवीत.

चाळिसावे यंत्र म्हणजे सतरा क्रमांकाचे. त्याची पेटी आली की मिलीमीटर स्वतः स्टोअरमध्ये उतरत. त्या पेटीतली पाती चारही बाजूंनी सारखी झिजलेली असत, आणि प्रत्येक वापरून झालेल्या धारेजवळ सेंटर पंचच्या पोलादी टोकाने ठोकलेले एक टिंब असे. चार धारा, चार टिंबे. कडेपासून मोजून दहा मिलीमीटरवर. सोबत चिठ्ठी नाही, चपाटी नाही. अकरा वर्षे हे असेच चालले होते. त्या ऑपरेटरचा चेहरा त्यांनी पाहिला नव्हता, पण त्याची पाती ते अक्षर वाचावे तशी वाचीत. सहा वर्षांपूर्वी सलग दोन महिने ड्रमच्या उजव्या टोकाची पाती कमी झिजून आली, तेव्हा त्यांनी स्टोअरवाल्याला सांगितले होते, "याचा उजवा खांदा दुखतोय."

"तुम्हाला पत्रिका बघता येते की काय, साहेब?" स्टोअरवाल्याने विचारले होते.

"पत्रिका नाही. पाती."

घरी ते एकटेच राहत. दोन खोल्या, एक खुर्ची टेबलाशी, एक खिडकीशी, दोन्ही त्यांच्याच. दर आठवड्याला थोरल्या बहिणीचा फोन येई, आणि तेवढा वेळ घरात दुसऱ्या माणसाचा आवाज असे.

"काय म्हणतो तुझा सतरा नंबर?" ताई विचारी.

"काही म्हणत नाही. पाती पाठवतो."

"तुला असाच माणूस लागतो बघ. समोर यायचं नाही, तोंड उघडायचं नाही, म्हणजे तुला वाद घालायला जागाच नाही. अरे, मुली दाखवत होते तेव्हाच हे सांगितलं असतंस तर माझ्या चपला तरी झिजल्या नसत्या."

"किती मुली दाखवल्यास?"

"नऊ."

"सात. दोघींच्या घरी आपण गेलोच नाही."

"बघ! एवढं लक्षात राहतं मेल्याच्या, आणि जेवलास का विचारलं तर आठवावं लागतं."

फोन ठेवल्यावर ते टेबलावरच्या कागदांवर वजन म्हणून ठेवलेल्या, चार टिंबांच्या एका पात्याकडे पाहत बसत. फार जवळचे असे त्यांच्याकडे तेवढेच होते.

त्या वर्षी कारखान्याच्या प्रमुख बाईंनी, ज्यांना सगळे मॅडम म्हणत, नव्या ड्रमचा प्रस्ताव मांडला. त्यात पाती नव्हतीच. सरळ वेल्ड केलेले दात; झिजले की ड्रम कारखान्यात परत, ऑपरेटरने पाना हातातही घ्यायचा नाही. मिलीमीटर बैठकीत उभे राहिले आणि पाऊण तास बोलले. मॅडमनी शांतपणे सगळे ऐकून घेतले.

"तुमचं पातं उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "प्रश्न एवढाच की ते वळवतं कोण?"

"सतरा नंबर वळवतो. अकरा वर्षं, एकदाही न चुकता."

"चाळिसांत एक."

"एकानं केलं म्हणजे ते करता येतं, हे सिद्ध झालं. बाकीचे एकोणचाळीस आळशी आहेत, हे पात्याचं वैगुण्य नाही."

"तुमच्या पुस्तिकेत लिहिलंय की सगळी पाती वळवायला दीड तास लागतो. खरं आहे ते?"

"मी स्वतः घड्याळ लावून मोजलंय."

"मग त्याच्याकडे जा," मॅडम म्हणाल्या. "तो ते कसं करतो आणि त्याला किती वेळ लागतो, ते त्याच्याकडून लिहून आणा. दीड सोडा, दोन तास निघाले तरी वेल्डचा प्रस्ताव मी फाडून टाकीन. नाही निघाले, तर मात्र तुम्ही वाद घालायचा नाही."

"कबूल," मिलीमीटर म्हणाले. आयुष्यात इतक्या चटकन ते कशालाच कबूल झाले नव्हते.

दोन दिवसांचा प्रवास करून ते कामाच्या जागी पोहोचले. उघडेबोडके टेकाड, त्यातून दृष्टीच्या टोकापर्यंत गेलेला पाइपांसाठीचा चर, कडेला पत्र्याच्या खोल्यांची एक रांग. दुसऱ्या दिवशी महिन्याची सुट्टी होती. सकाळी गाडी आली आणि सगळी माणसे गलका करीत शहराकडे निघून गेली. गाडीची धूळ खाली बसली तेव्हा यंत्राशेजारी एकच माणूस उरला होता. पंचावन्नच्या आसपासचा, आडव्या हाडांचा. त्याने ताडपत्री अंथरून तिच्यावर पाने, तारेचा ब्रश, टोक वाकवलेला खिळा आणि चार कप्प्यांची एक लाकडी पेटी अशी हत्यारे ओळीने मांडली होती.

"तुम्हीच ते ड्रॉइंगवाले साहेब?" त्याने विचारले. "मला वाटलं, तुम्ही उंच असाल."

मिलीमीटरांनी घड्याळ काढले. "मी आलोय असं समजूच नका. नेहमी करता तसंच करा."

त्याने ड्रम जमिनीपासून वीतभर वर लाकडी ठोकळ्यांवर टेकवला, यंत्र बंद केले आणि पहिल्या पात्याशी मांडी घातली. बोल्टच्या डोक्यात चिखल वाळून दगड झाला होता. तो त्याने खिळ्याने टोकरून काढला. पाना लावला, सोडवला. पात्याखालची बैठक ब्रशने घासली, पाते वळवले, बोल्टांचे आटे पुसले, चारही बोल्ट आवळले, पुन्हा एकदा ताणून पाहिले. मग झिजलेल्या धारेजवळ पट्टी धरली आणि पंचने एक टिंब ठोकले. दहा मिनिटे झाली होती. दुसऱ्या पात्याला दहा. तिसऱ्याचा एक बोल्ट अडून बसला, त्याला चौदा.

दहा पाती झाली तेव्हा हिशेब करायला मिलीमीटरांना कागद लागला नाही. अठ्ठेचाळीस पाती, एकशे ब्याण्णव बोल्ट. आठ तासांच्या खाली यायचे नाव नाही. आपली मोजणी त्यांना आठवली. कारखान्यातला झाडून पुसलेला ड्रम, तो ठेवायला कमरेइतक्या उंचीचा घोडा, नवे बोल्ट, वर पंखा. ती मोजणी खोटी नव्हती, अगदी काटेकोर होती. फक्त तिच्यात चिखल नव्हता. 

त्यांनी घड्याळ बंद करून खिशात टाकले, बाह्या दुमडल्या आणि दुसरा पाना उचलला.

"राहू द्या साहेब, हात खराब होतील."

"पातं माझं आहे," मिलीमीटर म्हणाले.

पहिल्या पात्याला त्यांना बावीस मिनिटे लागली आणि अंगठ्याचे सालटे निघाले. ऑपरेटरने ते पाहिले, पण हसला नाही. बऱ्याच वेळाने मिलीमीटरांनी विचारले, "सहा वर्षांपूर्वी उजवा खांदा दुखत होता का तुमचा?"

पाना थांबला. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"उजवीकडची पाती कमी झिजली होती."

"निखळला होता खांदा. एका माणसाला सांगितलं नव्हतं मी. सांगितलं असतं तर मशीनवरून उतरवलं असतं." त्याने पाना खाली ठेवला. "म्हणजे ती पाती कोणी बघतं?"

"मी बघतो. सगळी."

"टिंबंसुद्धा?"

"दहा मिलीमीटर. एकदा साडेदहा झालं होतं."

"तेव्हा पट्टी हरवली होती," तो म्हणाला, आणि मग जरा हसला. "बरं झालं, नीट ठोकत होतो ते."

आता मनातला खरा प्रश्न विचारायला हरकत नव्हती. अकरा वर्षे मिलीमीटर त्याचे उत्तर स्वतःशी घोळवीत आले होते: की कोठेतरी एका माणसाला आपले पाते समजले आहे. "बाकी कोणी हे करत नाही," ते म्हणाले. "तुम्ही का करता?"

"सुट्टी असते ना, साहेब."

"म्हणजे?"

"म्हणजे सुट्टीच असते." त्याने बोल्ट पेटीच्या कप्प्यात ठेवला. "हे सगळे शहरात जातात. कोणाचं कोणी असतं तिथं. माझी बायको मुलाकडं राहते, नातवंडं सांभाळायला. घर लहान. मी गेलो की माझी गादी कुठं टाकायची यावरून सुनेचं तोंड एवढंसं होतं. बोलत नाही बिचारी काही. म्हणून वर्षातून एकदा जातो. बाकीच्या सुट्ट्या इथंच. सकाळी सातला धरलं की चार वाजतात. मग आंघोळ, जेवण, झोप. दिवस निघतो."

"आणि पात्याची चौथी धार? ती वाया जाऊ नये असं..."

"ते आपलं चांगलंच आहे की," ऑपरेटर समजुतीच्या सुरात म्हणाला.

मिलीमीटरांनी मान खाली घातली आणि पुढचा बोल्ट सोडवायला घेतला. दोघांनी मिळून केल्यामुळे काम दोन वाजताच संपले. हत्यारे पुसून झाली, ताडपत्री झटकून झाली. ऑपरेटर यंत्राभोवती एक फेरी मारून आला, पुन्हा खाली बसला.

"आज लवकरच झालं," तो म्हणाला, आणि मोकळ्या पडलेल्या दुपारकडे असा पाहू लागला, जणू कोणी परक्याचे सामान त्याच्या दारात आणून ठेवले होते.

चहा घेताना मिलीमीटरांनी कशासाठी आलो ते सांगितले. दोन तास आणि वेल्डचे दात, सगळे. ऑपरेटरने नीट ऐकून घेतले.

"मग दोन तास लिहा की. मी सही करतो."

"आठ लागतात."

"तुम्हाला कोण विचारायला येतंय? तुमचं पातं राहील, माझ्या सुट्ट्या राहतील. कोणाच्या बापाचं काय जातं?"

मिलीमीटरांनी कागद काढला होता, पेनाचे टोपण काढले होते. त्यांनी आजवर जो जो वाद घातला, तो समोरच्याशी. आता समोरचा त्यांच्याच बाजूने उभा होता, आणि वाद घालायला कोणी नव्हते. त्यांना आपली चार धारांची आकृती दिसली, तिच्या कोपऱ्यातली सही दिसली. मग शहराकडे गेलेली ती धुळीने भरलेली गाडी दिसली. तिच्यातली माणसे गात होती.

"एकोणचाळीस माणसांचं जातं," ते अखेर म्हणाले. "मी त्यांना अकरा वर्षं आळशी म्हणत आलो. ते आळशी नव्हते. त्यांना घरी जायचं होतं."

त्यांनी लिहिले: एक माणूस, आठ तास. ऑपरेटरने कागद दोनदा वाचला आणि खाली सही केली. अक्षर टिंबांसारखेच होते, नेटके.

मॅडमनी तो कागद वाचून वर पाहिले. "तुम्हाला काही म्हणायचंय?"

"वाद घालायचा नाही, असं ठरलंय," मिलीमीटर म्हणाले.

नवे ड्रम तयार व्हायला सात महिने लागले. तोवर जुनी पाती पुरवून वापरा, नवी मिळणार नाहीत, असे सर्वांना कळवण्यात आले होते. ड्रम बदलले गेले आणि शेवटच्या पेट्या आल्या. सतरा क्रमांकाची पेटी मिलीमीटरांनी सवयीने स्वतः उघडली. पाते उचलून उजेडात धरले. पहिल्या टिंबाशेजारी आणखी एक टिंब होते. पाचवे. दुसऱ्या पात्यावर सहा होती. तळाच्या एका पात्यावर नऊ.

"चुकून ठोकली असतील," खांद्यावरून डोकावत स्टोअरवाला म्हणाला. "धारा चारच, तर टिंबं नऊ कशी?"

"तो चुकत नाही," मिलीमीटर म्हणाले.

चारही धारा केव्हाच संपल्या होत्या. संपलेले पाते वळवून पुन्हा संपलेलीच धार पुढे आणायची, आणि तरीही कोणीतरी एकशे ब्याण्णव बोल्ट सोडवले होते, आवळले होते, कडेपासून दहा मिलीमीटर मोजून टिंब ठोकले होते. एकेका सुट्टीला.

ते वर आले आणि टेबलाशी बसले. ड्रॉवरमधून त्यांनी मोजमापाचे आपले व्हर्नियर काढले. नोकरीच्या पहिल्या वर्षी घेतलेले, कोणाला कधी हात लावू न दिलेले. ते फडक्यात गुंडाळून एका खोक्यात ठेवले. मग कारखान्याचा छापील कागद पुढे ओढला आणि वर शीर्षक घातले: 'सतरा क्रमांकाच्या यंत्रासाठी विशेष सूचना'. खाली लिहिले की नव्या ड्रमच्या अठ्ठेचाळीस दातांची झीज समजणे अत्यावश्यक आहे. तरी प्रत्येक दात साफ करून सोबतच्या व्हर्नियरने तीन ठिकाणी मोजावा, आकडे सोबतच्या तक्त्यात भरावेत आणि तक्ता थेट माझ्या नावे पाठवावा.

कारखान्याला त्या आकड्यांची काडीइतकीही गरज नव्हती. बावीस वर्षांत त्या टेबलावरून गेलेले हे पहिलेच खोटे वाक्य होते. ते त्यांनी दोनदा तपासले, एक स्वल्पविराम दुरुस्त केला, आणि सही करण्यापूर्वी तक्त्याच्या वर एक ओळ वाढवली: मोजणी दर सुट्टीच्या दिवशी, सकाळी सात वाजता सुरू करावी, घाई करू नये.