कास का कोरडी राहिली

मित्रांनो, मी टेनेसीतली एक जुनी घोडी आहे. नाव टॅन्सी. आमचा म्हातारा नालबंद व्हर्लन माझा खूर तासता तासता एकदा माझ्या मालकिणीला म्हणाला होता, "कोरीन पोरी, घरं विकणाऱ्याकडून घोड्यांची जमीन घेऊ नकोस. तो न्हाणीघरं मोजतो, कुरण नाही." कोरीन हसली. मीही शेपटीने माशी हाकलावी तसे ते बोलणे हाकलले. मी तेव्हा सात वर्षांची, कॉलेजच्या तबेल्यात शिकलेली, पोटात पहिले शिंगरू. मला वाटे, गवत ते गवत.

दलालाचे नाव ब्रँटली. बूट मळू नयेत म्हणून तो कुंपणाबाहेरच थांबला. "मॅडम, वीस वर्षं इथे गाई चरल्यात. ढोलासारख्या झाल्या."

"मग घोडीला काय होणार," म्हणत कोरीनने सही केली.

कुरण खरेच हिरवेगार होते. मी दोघांच्या वाटचे खाल्ले. अकरा महिने भरले, बारावाही सरत आला, तरी कास भरेना. मी सारखी मान वळवून बघायची. शेवटी शिंगरू झाले. लांब पायांचे, कपाळावर पांढरा ठिपका. ते मला ढुसण्या देत राहिले आणि माझ्यापाशी थेंब नव्हता. कोरीनने डॉक्टर आणला, बाटली आणली. तिसऱ्या दिवशी ते उठले नाही.

कोरीनला ते कुरण बघवेना. जागा विकायची पाटी ठोकायला ब्रँटली आला आणि म्हणाला, "काही घोड्यांना आईपण जमतच नाही." मी असा पाय आपटला की तो मागे सरकला, थेट शेणात. त्याचे म्हणणे मी तेव्हा मानले नाही. आजही मानत नाही.

व्हर्लन या वेळी नुसता बोलला नाही, नदीन सिस्कला घेऊनच आला. ती फक्त घोड्यांच्या जमिनी विकायची. तिच्या बुटांना शेण आधीचेच होते. घरात न शिरता ती कुरणात गुडघे टेकून बसली आणि एक पाते उपटले.

"फेस्क्यू गवत. याच्या पोटात बुरशी असते. गाई पचवतात, पण गाभण घोडीचं दूध तोडते. शेवटचे तीन महिने हिला इथून हलवायला हवं होतं."

"मी विचारलंच नाही कुणाला," कोरीन म्हणाली.

"तू विचारायचं नसतं, बाई. दलालानं आधी सांगायचं असतं. नाहीतर तो हवा कशाला?"

मग नव्या जागा बघताना एका देखण्या जागेच्या तर फाटकातूनच नदीनने कोरीनला परत फिरवले. "घर छान आहे. तुला विकणार नाही."

तिने निवडलेल्या कुरणात माझे दुसरे शिंगरू झाले. पिऊन पिऊन दमले. हनुवटीवरून दूध गळत होते. ब्रँटलीने येऊन बघावे.

कोरीनने ती जुनी जागा गाईवाल्यालाच विकली होती. परवा ती पुन्हा विकली गेली. नवा नालबंद सांगत होता, तिथे एक तांबडी गाभण घोडी आली आहे, पोट खाली उतरलेले. मी आता चोवीस वर्षांची. तो रस्ता माझ्या पायांना झेपत नाही. मित्रांनो, तुम्ही तिकडून जाल तेव्हा कुंपणापाशी जरा थांबा. तिची कास भरते आहे ना, एवढे बघून या.