दाढेचं तिसरं मूळ

थोरला रात्रपाळीला म्हणून निघाला तो कारखान्यात पोचलाच नाही. नदीकाठी सायकल सापडली, तो नाही. लोक म्हणाले, गेला. मी त्यांना दारातूनच वाटेला लावलं, आणि त्याची खोली कुलूप घालून तशीच ठेवली. कारण दुपारी त्या खोलीतून आवाज यायचा. रात्रपाळी करून तो दुपारी झोपायचा आणि झोपेत कराकरा दात खायचा. मी भिंतीवर थाप मारली की थांबायचा. अजूनही थांबतो. माझा मुलगा जिवंत आहे, याला मला दुसरा पुरावा नको होता. घरात मात्र बोलले नाही. म्हाताऱ्या बाईला वेडी ठरवायला माणसं टपलेलीच असतात.

धाकट्याची बायको त्यानंतर घरात आली. ती दातांच्या कॉलेजात फोटोच्या खोलीत असते. माणसागणिक दाढांची मुळं आणि त्यांच्या आतल्या नळ्या कशा वेगळ्या असतात, ते शोधते. मी म्हणायचे, "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. तुझं बरं भरतं."

ती हसायची. पण मध्यंतरी सारखी मागे लागली, "आई, एकदा तुमच्या दाढांचा फोटो काढू या."

"माझ्या दाढांना काय धाड भरलीय?"

"नुसतं बघायचंय."

गेले. तिने हनुवटी टेकवायला लावली. "हलायचं नाही, बोलायचं नाही."

"म्हणजे शिक्षाच की," म्हटलं आणि गप्प झाले. मशीन डोक्याभोवती घोंघावत फिरलं.

पडद्यावर माझा जबडा आला. पांढुरक्या मुळांमधून केसासारख्या काळ्या नळ्या. सुनेने एका दाढेवर बोट ठेवलं. "इथे बहुतेकांना दोन मुळं असतात. तुम्हाला तिसरं आहे. बारीक, आत वळलेलं, आकड्यासारखं. हे घराण्यात उतरतं." माझ्याकडे न बघताच तिने शेजारी दुसरा फोटो उघडला. तीच दाढ, तोच आकडा.

"हा कुणाचा?"

"कॉलेजात अभ्यासाला बेवारस जबडे असतात. त्यातला एक."

"आकडा काय, कुणालाही असेल."

"असेल. नुसत्या मुळावरून ठरत नाही, खात्रीची तपासणी वेगळी. पण दाढा वरून घासून सपाट झाल्यात, आई. हा माणूस झोपेत दात खात असणार." मग हळूच म्हणाली, "तुमच्याही घासल्यात."

दुपारी माझाही डोळा लागायचा. तो आवाज माझाच असेल तर इतकी वर्षं मी कुणाची वाट बघत होते?

दुसऱ्या दिवशी दुपारी कुलूप काढलं आणि त्याच्या पलंगावर आडवी झाले. सुनेला म्हटलं, "इथे बस. झोपेत दात मीच खाते का, बघून सांग."

जाग आली तेव्हा ती खुर्ची सोडून भिंतीला टेकून उभी होती. चेहरा चुन्यासारखा.

"खाल्ले मी दात?"

"नाही. तुमचं तोंड मिटलेलं होतं."

"आणि आवाज?"

तिने भिंतीकडे बोट केलं. मग म्हणाली, "मी भिंतीवर थाप मारली. तेव्हा थांबला."

थापेचं मी तिला कधीच सांगितलं नव्हतं.

मी उठून चादर सारखी केली. "त्या तपासणीला काय लागतं?"

"तुमचं रक्त."

"घे. पोराला तिकडे तुझ्या कॉलेजात धड झोप लागत नाहीये."