पानामागचा अर्थ

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. माझी पाठ उसवून पुन्हा चिकटवलेली आहे, कोपरे झिजले आहेत. पण 'एम' अक्षराचे एक पान बाकीच्यांपेक्षा जास्त मळले आहे. ते का मळले, हे सांगताना आजही मला अपराधी वाटते.

मला एका निवृत्त मास्तरांनी घडवले. शरीराविषयीच्या जुन्या इंग्रजी शब्दांवर त्यांचा फार जीव होता. 'कन्झम्प्शन' म्हणजे खप, पण पूर्वी क्षयालाही तेच म्हणत. 'कन्फाइनमेंट' म्हणजे कोंडून ठेवणे, आणि जुन्या काळी बाळंतपणही. 'ड्रॉप्सी' म्हणजे अंगात पाणी साठून आलेली सूज. मास्तर असे अर्थ शोधून शोधून लिहीत आणि छापखान्याचे मालक कपाळाला हात लावत.

"मास्तर, हे मेलेले अर्थ कोण बघणार? निदान चालू अर्थ तरी आधी टाका!"

मास्तरांनी तेवढे ऐकले. जुने अर्थ मागे गेले. मला त्याचे काहीच वाटले नाही. मी नवाकोरा होतो आणि स्वतःच्याच शाईच्या वासात दंग होतो.

पुढे मी दोन बहिणींच्या घरी आलो. थोरली घरी शिवणकाम करी. तिचा नवरा वारल्यावर धाकटी तिच्याकडे राहायला आली होती. ती एका वकिलाच्या कचेरीत टायपिस्ट होती. शब्द अडला की ती मला मांडीवर घेई. थोरली तोंडात टाचण्या धरून म्हणे, "आपल्या घरात बायका दोन आणि पंडित एक!" मग मी फुगून जाई.

एकदा नवी चप्पल थोरलीच्या अंगठ्याला चावली. तिला साखरेचा आजार होता, त्यामुळे पायाला दुखणे धड कळत नसे. ती शिलाई मशीनचे पॅडल मारतच राहिली. जखम चिघळली तेव्हा धाकटीने गल्लीतल्या म्हाताऱ्या डॉक्टरांना बोलावून आणले. डॉक्टर स्वतःच्या वडिलांच्या जुन्या पुस्तकांवर शिकलेले होते, आणि त्यांचे शब्दही त्याच काळातले. त्यांनी पट्टी बांधली आणि दाराशी जाऊन धाकटीला हळूच म्हणाले, "मोठ्या इस्पितळात दाखवायचं बघा. मला मॉर्टिफिकेशनची भीती वाटते."

मान हलवून धाकटी आत आली. इंग्रजी जाणणाऱ्या बाईने अर्थ कसा विचारायचा? तिने मला उघडले. पानाच्या अगदी तळाशी तो शब्द होता आणि त्यापुढे पहिला अर्थ : शरमिंदे होणे, मानहानी. दुसरा अर्थ पान उलटल्यावर होता.

तेवढ्यात आतून हाक आली. "अगं, काय म्हणाले डॉक्टर? मी नाही हं त्या इस्पितळात जाणार. परक्या पुरुषांपुढे पाय उघडा टाकून बसायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं!"

धाकटीला सगळे जुळल्यासारखे वाटले : डॉक्टरांनी इस्पितळ सुचवले खरे, पण तिथे ताईची मानहानी होईल अशी त्यांनाच भीती आहे. तिने मला मिटले. "त्यांनाही तीच काळजी आहे, ताई. तुला शरमल्यासारखं होईल म्हणाले. राहू दे, ते पुन्हा येईपर्यंत पट्टी तशीच ठेवू."

मित्रांनो, मी ओरडू शकलो असतो तर! दुसरा अर्थ माझ्या पोटात होता आणि मी मिटलेला पडून होतो.

काही दिवसांनी डॉक्टर पुन्हा आले. पट्टी सोडताच खोलीभर वास पसरला. अंगठा काळा पडला होता.

"अजून नेलं नाही?" डॉक्टरांचा आवाज चढला. "मी सांगितलं होतं ना? मांस मरायला लागलंय हे!"

थोरलीचा जीव वाचला, पण पाय गुडघ्याखालून कापावा लागला. इस्पितळातून आल्यावर धाकटीने मला पुन्हा उघडले आणि या वेळी पान उलटले. 'जुना अर्थ : जिवंत शरीराचा भाग मरून कुजणे.' तिने त्या ओळीवरून बोट फिरवले. पुन्हा फिरवले. मग मला कपाटात सर्वांत मागे, भिंतीकडे तोंड करून ठेवले.

तिथे वाळवीने माझी कड खाल्ली. मला ते योग्यच वाटले.

बऱ्याच काळाने कपाट उघडले. धाकटी मला घेऊन थोरलीसमोर बसली आणि तिने ते पान दाखवले. सगळे सांगितले.

थोरलीच्या हातात कापलेले कापड होते. ती कितीतरी वेळ त्याची घडी घालत राहिली.

"तू जो अर्थ वाचलास, तोच मला ऐकायचा होता," ती शेवटी म्हणाली. "मी तरी कुठं डॉक्टरांना धड विचारलं? पण मला राग येतो गं. तू चहा घेऊन येतेस ना, तेव्हासुद्धा कधी कधी येतो."

"येऊ दे," धाकटी म्हणाली. "मी चहा आणत जाईन."

आता मी पुन्हा फळीवर आहे. धाकटीने माझी वाळवी झटकली, उसवलेली पाठ चिकटवली. पण दवाखान्यात जाताना ती मला नेत नाही. तिथे ती सरळ विचारते, "मला कळलं नाही. मराठीत सांगा." मला त्याचे वाईट वाटत नाही.

मित्रांनो, आम्हां जुन्या पुस्तकांना जपा, आमच्यावरची धूळ पुसा. पण आम्हांला अर्ध्यावर मिटू नका. आणि कुणाच्या दुखण्याचा प्रश्न असेल, तर समोरच्या जाणत्या माणसाला विचारायला लाजू नका. मी अर्थ सांभाळून ठेवू शकतो. पान उलटायला मला हात नाहीत.