शून्याच्या जागी एक

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीपलीकडे, नोंदींचा विभाग होता. तिथे एक बाई दिवसभर संगणकाच्या दोन पडद्यांसमोर बसलेल्या असायच्या. डाव्या पडद्यावर डॉक्टरांनी लिहिलेले शब्द, उजव्यावर आकडे. जगातल्या प्रत्येक आजाराला एक अक्षर आणि काही आकडे ठरवून दिलेले असतात. शब्द वाचायचा आणि त्याचा आकडा लावायचा, हे त्यांचं काम. सगळे त्यांना आकडेताई म्हणायचे.

"ताई, माझ्या सासूबाईंचा आकडा काय हो?" वॉर्डातली एखादी सिस्टर जाता-येता विचारायची.

"त्या आजाराला अजून आकडा निघालेला नाही," ताई मान वर न करता सांगायच्या.

एका दुपारी खिडकीशी एक तरुण बाई येऊन उभी राहिली. तिच्या हाताला सहा-सात वर्षांची मुलगी होती. बाईचे वडील तिसऱ्या मजल्यावर होते. कॅन्सर हाडांत पसरला होता, आता घरी नेता येईल अशी अवस्था उरली नव्हती.

"त्यांच्या कागदांत व्यसन लिहिलंय," ती म्हणाली. "काल पाळी बदलताना एक सिस्टर दुसरीला त्यांच्यासमोरच वाचून दाखवत होती. तेव्हापासून बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेत. तेवढा शब्द काढून द्या. दुसरं काही मागत नाही मी."

तिचे वडील रंगारी होते. फार वर्षांपूर्वी एका इमारतीला रंग देताना परांचीवरून पडले आणि पाठ मोडली. दुखणं थांबावं म्हणून डॉक्टरांनी अफूच्या जातीच्या, ओपिऑइड गोळ्या दिल्या. पाठ सांधली, गोळ्या मात्र सुटेनात. मग ते स्वतःच्या पायांनी उपचार केंद्रात गेले आणि त्यातून बाहेर पडले. "ही जन्मायच्या आधीची गोष्ट," मुलीच्या डोक्यावर हात ठेवत ती म्हणाली. "हिनं तर त्यांना कधी साधी तापाची गोळी घेतानाही पाहिलं नाही."

ताईंनी फाइल उघडली. शब्द होता. जुन्या नोंदीतून नव्या नोंदीत, कालच्यातून आजच्यात, तो जसाच्या तसा उतरत आला होता. व्यसन लागल्याचं एका डॉक्टरांनी लिहिलं होतं. सुटल्याचं मात्र कुणीच लिहिलं नव्हतं.

मुलगी टाचा उंचावून आत डोकावली. "मावशी, तू काय करतेस?"

"डॉक्टर शब्द लिहितात, मी त्याचा आकडा करते."

"आणि शब्द चुकला तर?"

"तर आकडाही चुकतो."

"मग तूच खोड ना."

"मला खोडता येत नाही, बाळा. तुझ्या वहीत बाईंनी लिहिलेलं तू खोडतेस का?"

मुलीनं विचार केला. "नाही. पण मी बाईंना विचारते."

"मीपण तेच करणार आहे," ताई म्हणाल्या.

असा प्रश्न पाठवायची एक रीत होती. उत्तर प्रश्नात दडवायचं नाही. 'यांचं व्यसन सुटलंय ना?' असं विचारायला बंदी होती. कारण कामाच्या घाईत डॉक्टर नुसतं 'हो' म्हणून मोकळे होतात. ताईंनी रीतीप्रमाणे लिहिलं: 'नोंदीत ओपिऑइडच्या व्यसनाचा उल्लेख आहे. सध्याची स्थिती कृपया स्पष्ट करावी. एकापुढे खूण करावी: चालू आहे, सुटले आहे, सांगता येत नाही.' त्यांनी ते दोनदा वाचलं. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. मग पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी ती बाई धापा टाकत खाली आली. "ताई, काल संध्याकाळपासून बाबांचं दुखण्यावरचं इंजेक्शन बंद केलंय!"

ताईंनी वॉर्डात फोन लावला. बाबांचे तरुण डॉक्टर उत्साहानं बोलले, "ताई, बरं झालं तुम्ही विचारलंत. माझं त्या शब्दाकडे लक्षच नव्हतं! अशा पेशंटला अफूच्या जातीचं एवढं कडक औषध देणं जोखमीचं. मनोविकारतज्ज्ञ तपासून जाईपर्यंत साध्या गोळ्यांवर ठेवलंय."

"डॉक्टर, मी सावध करत नव्हते. मी विचारत होते."

"मग सुटलंय, असं सरळ लिहायचं ना."

"मला तसं लिहिता येत नाही."

"आणि मला खात्री केल्याशिवाय खूण करता येत नाही," डॉक्टर म्हणाले. आवाजातला उत्साह आता गेला होता. "ते स्वतः काही मागत नाहीत हो. गप्प पडून असतात. मला वाटलं, चालतंय."

"तज्ज्ञ कधी येणार?"

"सुट्टीवर आहेत. परवा."

"दुसरं कुणी?"

"बघतो. विचारतो वरिष्ठांना."

त्या दिवशी ताई जिना चढून तिसऱ्या मजल्यावर गेल्या. रंगारीबाबा उताणे पडले होते. पलंगाची कड त्यांनी इतकी घट्ट धरली होती, की बोटांची पेरं पांढरी झाली होती. नखांच्या कडांना जुना निळा रंग होता.

"आकडेताई का तुम्ही?" ते म्हणाले. "आमच्या मुकादमानं सांगितलं." मुकादम म्हणजे नात. ते भिंत रंगवायला घेत, तेव्हा ती खाली उभी राहून राहिलेल्या जागा दाखवायची. "वर बघा जरा. या छताला दुसरा हात न देताच पळालाय गडी. दिवसभर तेच बघतोय."

"फार दुखतंय का, बाबा?"

त्यांनी डोळे मिटून होकारार्थी मान हलवली.

"मग इंजेक्शन मागत का नाही?"

"मागितलं की म्हणतील, बघा, सुटलेलं नाहीये." त्यांनी श्वास रोखला आणि हळूहळू सोडला. "तुम्ही विचारलंत, ते मात्र बरं केलंत. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं."

ताई डॉक्टरांना गाठायला गेल्या, पण ते शस्त्रक्रियेच्या खोलीत होते. दारावरच्या सिस्टरकडे निरोप ठेवला. संध्याकाळी पुन्हा ठेवला. वरिष्ठ म्हणाले, तज्ज्ञांनाच बघू द्या.

तज्ज्ञ सुट्टीवरून आले, ते थेट तिसऱ्या मजल्यावर गेले. बाबांच्या उशाशी बसून त्यांनी सगळं विचारलं, त्यांच्या लेकीशीही बोलले, आणि स्वच्छ अक्षरांत लिहिलं: व्यसन सुटून बरीच वर्षं झाली आहेत, वेदनेचं औषध पूर्ण मात्रेत द्यावं. सिस्टर इंजेक्शन भरून घेऊन आली, तेव्हा बाबांचा हात पलंगाच्या कडेवरून आपणहून सुटला होता; श्वास थांबला होता.

दुपारी ताईंच्या पडद्यावर उत्तर आलं. 'सुटले आहे' यापुढे खूण होती. त्यांनी उजव्या पडद्यावर एफ अकरा पॉइंट दोन शून्य हा व्यसनाचा आकडा समोर आणला आणि शेवटच्या शून्याच्या जागी एक लिहिला: शून्य म्हणजे चालू, एक म्हणजे सुटलेलं. पुढची फाइल त्यांनी उघडली नाही.

मृत्यूचा दाखला घ्यायला माय-लेकी खाली आल्या. आई खिडकीशी सही करत होती. मुलीनं टाचा उंचावल्या.

"मावशी, आजोबांचा आकडा बरोबर केलास?"

"केला."

"दाखव."

ताईंनी पडदा तिच्याकडे वळवला आणि शेवटच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"एवढाच?"

"एवढाच."

मुलीनं डोळे बारीक करून तो एक नीट बघितला, भिंतीवरची राहिलेली जागा बघावी तसा. मग मान डोलावली. काम पसंत पडलं होतं.

"आजोबांना सांगितलंस?"

आईचं पेन थांबलं.

"नाही," ताई म्हणाल्या. "मला उशीर झाला, बाळा."