टेकडीखालच्या चपला

“आजपासून हा हात नंबर लिहिणार न्हाई. हा हात आता फकस्त कलेचा,” देवाप्पांनी जाहीर केलं. त्या हातात एका लॉरीची पाटी होती आणि तिच्यावरचा केए-०३ अजून ओला होता.

“मग फुडचे आकडे काय पायानं लिवणार हाईसा?” त्यांची बायको गंगव्वा म्हणाली.

पुढचे आकडे त्यांनी हातानेच लिहिले आणि मग कलेला सुरुवात केली.

बंगळुरात के. आर. पुरमच्या लॉरीस्टँडवर तीस वर्षं त्यांनी नंबर रंगवले. नंबराखाली कुणी सही करत नाही. जवळच्या चर्चच्या फादरनी मात्र सभागृहासाठी टेकडीवरच्या चर्चचं चित्र सांगितलं आणि खाली सही करा म्हणाले. फादर निपाणीकडचे, मराठी बोलणारा माणूस भेटल्याच्या आनंदात चित्र काढता येतं का, हे विचारायचं राहूनच गेलं.

येत होतं. लहानसं पांढरं चर्च, ढगाला टेकलेला क्रूस, वर जाणाऱ्या पायऱ्या. देवाप्पा जन्मात जेवढे डोंगर चढले, ते देवासाठी आणि अनवाणी. म्हणून पायथ्याशी त्यांनी चपला रंगवल्या. चांगले चाळीस जोड. झिजलेल्या टाचा, अंगठ्याला सेफ्टी पिन. अशा हुबेहूब, की जवळ गेल्यावर नाकाला रुमाल लावावा.

शनिवारी चर्चच्या समितीच्या श्यामला टीचर बघायला आल्या. आमच्याकडे लोक बूट घालून प्रार्थनेला येतात, हे देवळाचं चित्र झालं, उद्याच्या आत चपला पुसा, असं त्यांनी कन्नडमध्ये बजावलं. देवाप्पांनी ब्रश उचलला. गिऱ्हाइकाने सांगितलेला आकडा खोडण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. पण चपलांच्या शेजारीच त्यांची सही होती. हात हलेना.

तेवढ्यात फादर आले. बराच वेळ बघून त्यांनी बोट ठेवलं. “सगळ्या खाली, आणि हा एकच जोड अर्ध्या वाटेवर कसा?”

“त्यो माझा, फादर. खालीच सोडायचा हुता. ध्यानात आलं, तवर निम्मं चढून आलो हुतो.”

फादरनी त्या जोडावरचं बोट उचललं. मग टीचरना म्हणाले, चित्राचा अर्थ उद्या सांगतो.

रविवारी त्यांनी तो सांगितलाच नाही. सभागृहाच्या दारात वाकून बूट काढले आणि आत गेले. मागचे थबकले, मग एकेक करून वाकले. सर्वांत शेवटी श्यामला टीचर, सँडलचा पट्टा सोडवायला पुष्कळ वेळ घेत. देवाप्पा मागच्या भिंतीला टेकून उभे होते. गंगव्वाला वाचता येत नव्हतं. तिने सही दोनदा पाहिली.

प्रार्थना संपली आणि दारात दीडशे माणसं आपापले जोड शोधू लागली. त्यातून फादर एका पायात बूट घालून लंगडत आले. देवाप्पांचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला. फादरचे डोळे भरले होते.

“देवाप्पा,” ते म्हणाले, “चपलांसाठी एक फळी ठोकून घेतो म्हणतो. तिच्यावर जरा नंबर घालून द्याल काय?”