अकरा नोव्हेंबरची सुट्टी

कारखान्याच्या जेवणघरातल्या फळ्यावर नोटीस लागली तेव्हा रॉयस टॅकेट कॉफी ओतून घेत होता. नव्या करारानुसार अकरा नोव्हेंबरची, माजी सैनिकांच्या दिवसाची भरपगारी सुट्टी रद्द. तिच्या जागी सगळ्यांना ईदची सुट्टी. त्यानं ती ओळ पुन्हा वाचली आणि पेला टेबलावर असा आपटला की कॉफी मनगटावर उडाली. चटका बसल्याचंही त्याला कळलं नाही.

"वाचलंस का रे?" मागून कुणीतरी विचारलं.

"वाचलं. आंधळा नाही झालो अजून."

टेनेसीतलं हार्गिस हे गाव कोंबड्यांवर जगतं. कोंबड्या कापायच्या, सोलायच्या, पॅक करायच्या आणि ट्रकांत भरायच्या. कारखान्यातली शीतयंत्रं रॉयस कित्येक वर्षं सांभाळत होता. अलीकडे लाइनवर निम्मी माणसं सोमाली होती. ती आलेली रॉयसला आवडली नव्हती आणि हे त्यानं कधी लपवलंही नव्हतं. बंद पडलेल्या गालिच्यांच्या दुकानात त्यांनी मशीद काढली, तेव्हा नगरपालिकेच्या सभेत उभा राहून त्यानं विरोध केला होता. या देशात यायचं तर इथल्या रीतीनं राहायचं, सरकारनं लोकांच्या खिशात हात घालायचा नाही, आणि जे लढले त्यांच्यासमोर टोपी काढायची, एवढंच त्याचं राजकारण. त्याला मागासलेला म्हणणारे म्हणोत.

इस्लामवरचा राग मात्र त्यानं पुस्तकांतून किंवा टीव्हीवरून उचललेला नव्हता. एकोणिसाव्या वर्षी तो अमेरिकी मरीन दलाबरोबर लेबनॉनमध्ये बैरूतला होता. जिहादींचा स्फोटकांनी भरलेला ट्रक बराकीत घुसला त्या सकाळी त्याचा पहारा विमानतळाच्या दुसऱ्या टोकाला होता, म्हणून तो वाचला. पुढचे दिवस त्यानं नुसत्या हातांनी काँक्रीट उपसलं. त्याच्याच गावचा ओरिन साइक्स तिथं सापडला, तोही पुरता नाही. ओरिनचं नाव कोर्टासमोरच्या दगडावर कोरलेलं आहे. दर अकरा नोव्हेंबरला रॉयस तिथं जायचा, दगड पुसायचा आणि दुपारपर्यंत उभा राहायचा.

आता त्या दिवशी कोंबड्या गार करायच्या, आणि सुट्टी कुणासाठी, तर यांच्यासाठी! त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शिफ्ट सुटल्यावर त्यानं पार्किंगमध्ये होदानला गाठलं. ती हाडं काढायच्या लाइनवर काम करायची आणि सोमाली कामगारांच्या वतीनं युनियनमध्ये बोलायची. पन्नाशीची, अंगानं जाड, जिभेनं तिखट बाई.

"का हो, दुसरा दिवस नाही सापडला तुम्हाला?" तो ओरडलाच. "आमच्या मेलेल्यांचाच दिवस हवा होता?"

होदाननं गाडीचं दार उघडं ठेवूनच त्याच्याकडे पाहिलं. "ओरडू नका. मला ऐकू येतं. कुणी मागितला तुमचा दिवस?"

"फळ्यावर काय लागलंय मग?"

"फळा मी नाही लिहीत. आम्ही ईदच्या सकाळी दोन तास मागितले होते. नमाजापुरते. बिनपगारी. नंतर येऊन भरून देऊ म्हटलं होतं. तुमच्या क्लीटला विचारा."

"मला खोटं सांगू नका, बाई."

"मी तुमच्याशी खोटं कशाला बोलू? तुम्ही माझे कोण लागता?" तिनं दार धाडकन लावलं आणि गाडी अशी मागे घेतली की त्याला बाजूला उडी मारावी लागली.

क्लीट पेंडर युनियनचा अध्यक्ष, रॉयसचा शाळेपासूनचा दोस्त. तो घराच्या ओट्यावर बसून हरणांच्या शिकारीसाठी बंदूक साफ करत होता. रॉयसला येताना पाहूनच त्यानं ओळखलं.

"बस. चहा घेतोस? गार आहे, गोड आहे."

"चहा गेला खड्ड्यात. त्यांनी दोन तास मागितले होते का नव्हते?"

क्लीट नळीत फडकं सारत राहिला. "होते."

"मग?"

"मग काय? कंपनीला नोव्हेंबरची सुट्टी नकोच होती. सणाच्या ऑर्डरी असतात, लाइन थांबवायची नव्हती. पगारवाढ हवी तर ती सुट्टी सोडा म्हणाले. मी म्हटलं, साहेब, लोक मला फाडून खातील. तर तो कंपनीचा माणूस हसला. म्हणाला, तिच्या जागी ईद टाका. मग तुम्हाला नाही खाणार, त्यांना खातील."

"आणि तू सही केलीस."

"मत तूही दिलंस, लेका! सगळ्यांनी पगारवाढीचं पान वाचलं आणि हात वर केला. पुढचं पान कुणी उलटलं? तू उलटलंस?"

"तू ओरिनच्या शवपेटीला खांदा दिला होतास, क्लीट."

"म्हणून काय जन्मभर उपाशी राहू?"

रॉयसनं त्याला मारलं नाही, एवढंच. त्याची मूठ वळलेली क्लीटनं पाहिली होती.

घरी आला तर फोन वाजत होता. ब्रेंट केसलर, विधानसभेला उभा असलेला उमेदवार. शनिवारी कोर्टाच्या पायऱ्यांवर सभा होती. "तुमच्यासारख्या वीरानं माझ्या शेजारी उभं राहायला हवं, सर. त्यांनी आपली सुट्टी हिसकावली, हे लोकांना तुमच्या तोंडून कळू दे."

रॉयसनं त्याला सगळं सांगितलं. दोन तास, कंपनी, क्लीट.

"ते बारकावे लोकांना कळत नाहीत, सर," केसलर म्हणाला. "तुम्ही फक्त या. गणवेशातला कोट घालून."

"जाऊ नकोस," बायको वॉनीटा म्हणाली. "तुझं तोंड मला माहीत आहे."

"म्हणूनच जाणार."

शनिवारी चौक भरला होता. झेंडे, घड्या घालायच्या खुर्च्या, कडेला मक्याच्या कणसांची गाडी. केसलर बोलला तेव्हा टाळ्या पडल्या. ईद म्हणाला की शिट्ट्या, सैनिक म्हणाला की टाळ्या. मग त्यानं रॉयसच्या खांद्यावर हात टाकला आणि माइक पुढे केला. बैरूतचा मरीन म्हटल्यावर माणसं खुर्च्यांवरून उठून उभी राहिली.

"मला त्यांची मशीद आवडत नाही," रॉयस म्हणाला. जोरात टाळ्या. "त्यांच्या बायका तंबू घालून फिरतात तेही आवडत नाही. हे मी त्यांच्या तोंडावर सांगतो." आणखी टाळ्या. "पण ही सुट्टी त्यांनी घेतली नाही. त्यांनी दोन तास मागितले होते, तेही बिनपगारी. सुट्टी कंपनीनं काढली, युनियननं दिली, आणि आपण सगळ्यांनी न वाचता हात वर केले. आणि हा इथं उभा आहे ना, याला हे मी फोनवर सांगितलंय. याला सगळं माहीत आहे."

मग मागून कुणीतरी ओरडलं, "किती दिले रे त्यांनी तुला?"

"खाली उतर!"

"अरे, मी ओरिन साइक्सला या हातांनी—"

पुढचं कुणाला ऐकू गेलं नाही. आधी थोडे, मग सगळेच हुर्यो करू लागले. आताच त्याच्यासाठी उभे राहिलेले तेच लोक, तेच झेंडे हातात. केसलरनं हसत हसत माइक काढून घेतला आणि म्हणाला, आपल्या वीरांनी किती सोसलंय ते पाहा, त्यांचं मन थकतं कधीकधी. लोकांनी सहानुभूतीनं माना हलवल्या. ते हलणं रॉयसला हुर्योपेक्षा झोंबलं. तो पायऱ्या उतरला, तर पहिल्या रांगेतल्या चर्चमधल्या माणसानं पाय मागे घेतले, वाट द्यायची म्हणून नव्हे, त्याचा स्पर्श होऊ नये म्हणून.

गवगवा एवढा झाला की कंपनीनं पंधरवड्यात माघार घेतली. अकरा नोव्हेंबर परत दिला आणि ईद काढून टाकली. दोन तासांचं कुणी नावही काढलं नाही. केसलरनं फलक लावले: करून दाखवलं. तो निवडून आला.

अकरा नोव्हेंबरला रॉयस सकाळीच दगडापाशी गेला. हवा बोचरी होती. वॉनीटा होती, ओरिनची म्हातारी बहीण चाकाच्या खुर्चीत होती, आणखी एक म्हातारा होता जो सुट्टी विसरून आला होता, कोर्ट उघडायची वाट पाहत. बाकी गाव कुठं होतं ते रॉयसला ठाऊक होतं. निम्मं रानात हरणांमागे, निम्मं महामार्गावरच्या दुकानांत, जिथं सैनिकांच्या सन्मानार्थ गाद्या अर्ध्या किमतीत होत्या.

"यासाठी भांडत होते हे?" तो म्हणाला. "या दिवसासाठी?"

"हळू बोल," वॉनीटा म्हणाली.

"का? कुणाची झोप मोडेल?"

डिसेंबरात युनियनची सभा झाली. शेवटी क्लीटनं विचारलं, आणखी काही? रॉयस उभा राहिला.

"ईदला सकाळी दोन तास, बिनपगारी, ज्याला हवे त्याला. मतास टाक."

हशा पिकला. "काय रे रॉयस, नमाजाची टोपी कधी घालतोस?" कुणीतरी म्हणालं.

"तू शुद्धीवर राहून बायबल कधी वाचतोस ते सांग, मग मी सांगतो." तो क्लीटकडे वळला. "हसू नकोस. मतास टाक म्हटलं ना."

क्लीटला टाकावंच लागलं. सोमाली हात वर झाले, रॉयसचा झाला, दोन मेक्सिकन पोरींचे झाले. ठराव पडला.

बाहेर होदान गाडीची काच खरवडत होती. बर्फ पडलं नव्हतं, नुसतं दंव गोठलं होतं. रॉयस जवळून जाऊ लागला तशी ती बोलली.

"त्या चौकात आमच्या बायकांना तंबू म्हणालात. माझी मुलगी तिथं होती."

"म्हणालो."

"माफी मागणार?"

"नाही. मला तसंच वाटतं."

"मग आज हात कशाला वर केलात?"

"दोन तास मागितले होते म्हणून. मागितलं एक आणि आळ आला भलत्याचाच. मला ते सहन होत नाही. तुम्ही मला आवडता म्हणून नाही."

"तुम्हीही मला आवडत नाही," होदान म्हणाली आणि काच खरवडू लागली. मग न पाहताच म्हणाली, "मार्चमध्ये अध्यक्षाची निवडणूक आहे. क्लीटला पाडायचंय मला. माझ्याकडे लाइनवरची निम्मी मतं आहेत. यंत्रांकडच्या माणसांची नाहीत."

रॉयस खिशात हात घालून उभा राहिला. क्लीट दारातून बाहेर येत होता, कुणाच्या तरी विनोदावर हसत.

"यंत्रांकडची मी बघतो," रॉयस म्हणाला.