पू नसलेली जखम

सयाजीनं तोंड उघडलं आणि कस्तुरानं बॅटरीचा उजेड आत टाकला. घशात करडे-काळपट चट्टे, हिरड्या सडलेल्या, आणि वास मास्कमधूनही नाकात शिरणारा. तिनं चिमट्यातला कापसाचा बोळा कसाबसा फिरवला, ट्रे ठेवला आणि मोरीत जाऊन भडाभडा ओकली.

साल १९७६. निघोज्याची कस्तुरा चिंचवडच्या एका इस्पितळात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. सयाजी मूळचा बीडकडचा, एका कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर काम करणारा. तापानं फणफणत आला होता.

"ओकलीस? तोंड धू," शिकवणाऱ्या दुर्गाबाई सिस्टर मागून म्हणाल्या. "आता सांग, पू दिसला का?"

"नाही सिस्टर. तेवढं तरी बरं."

"बरं? पू म्हणजे जंतूंशी झगडून मेलेल्या पांढऱ्या पेशी. इतकं सडलंय आणि पू नाही, म्हणजे झगडायला कुणी उरलंच नाही." त्यांनी रिपोर्ट पुढे केला. रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये पांढऱ्या पेशी नऊशे. निरोगी माणसात चार हजारांच्या वर असतात.

डॉक्टरांना औषधाचा संशय होता. दुखण्यावरच्या काही गोळ्यांनी एखाद्याचं शरीर बिथरतं आणि स्वतःच्याच पांढऱ्या पेशींना शत्रू समजून मारत सुटतं. गोळी बंद केली, तर आठ-दहा दिवसांत नव्या पेशी तयार होतात. पण सयाजी शपथेवर सांगत होता, "म्या कसलीबी गोळी घेत न्हाई." जंतूंसाठी पेनिसिलिन चालू होतं, पण चार दिवसांत पेशी वाढण्याऐवजी घटतच चालल्या.

पाचव्या दिवशी दुपारी कस्तुरानं पाहिलं, तर त्याची बायको सोजरबाई बशीतल्या चहात गोळी चुरत होती.

"हे काय?"

सोजरबाई दचकली. "कंपनीच्या दवाखान्यातली हाय. दौलतराव कंपाउंडर म्हनले, तापाला हीच द्या, पन हितं बोलू नका, नायतर कामावरून काढतील." पाठदुखीसाठी सयाजी ती दोन महिने खात होता. पाठ मोडली तरी माणूस मशीनवर उभा राहतो, म्हणून दौलतराव ती मूठमूठ वाटायचा.

कस्तुरानं चहा मोरीत ओतला आणि गोळ्यांची उरलेली पट्टी काढून घेतली. ओरडावंसं वाटत होतं, पण ती शेजारी बसली आणि सगळं समजावून सांगितलं.

"म्हंजी मीच त्यांना..." सोजरबाईनं पदर तोंडात कोंबला.

"तुम्हाला कुणी खरं सांगितलंच नाही."

दुसऱ्या दिवशी दौलतराव आला. नाकाला अत्तराचा रुमाल लावून दोन खाटा अलीकडेच थांबला. "ती गोळ्यांची पट्टी देऊन टाका. अन् कागदावर कारण म्हणून तंबाखू लिहा. ही माणसं तोंड धुतात तरी कधी? शी!"

कस्तुराला पुन्हा मळमळलं. पण या वेळी सयाजीच्या तोंडामुळे नव्हे.

"पट्टी डॉक्टरांकडं आहे," ती म्हणाली आणि बॅटरी त्याच्यापुढे धरली. "तुम्ही जवळ या. आत काय झालंय ते बघा."

तो आला नाही. पेरूंची पिशवी जमिनीवर ठेवून निघून गेला.

गोळी थांबल्यावर नवव्या दिवशी कापसाला पिवळट पू लागला. कस्तुरा ट्रे घेऊन धावतच सिस्टरांकडे गेली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला त्या घाणीचा आनंद झाला होता. पेशी अडीच हजारांवर गेल्या होत्या.

डॉक्टरांनी कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं, अशा गोळ्या आमच्याकडे दिल्याच जात नाहीत. सयाजी बरा होऊन त्याच शिफ्टला लागला. महिन्यानं रक्त तपासायला आला तेव्हा म्हणाला, "दौलतराव हाईतच. आता गोळ्या कागदाच्या पुडीत देत्यात, नाव कळू नये म्हनून."

कस्तुराला किळस आली. "जे घेतात त्यांना घेऊन या," ती म्हणाली.

रविवारी सहाजण आले. कुणाच्याही पेशी कमी निघाल्या नाहीत. तिनं काय होऊ शकतं ते सांगितलं, तशा सगळ्यांनी पुड्या टेबलावर काढल्या. त्यातल्या धोंडीबा नावाच्या वयस्क कामगारानं मात्र आपली उचलून परत खिशात घातली.

"कळतंय बाई," तो म्हणाला, "पन पाठ लई दुखते."